मोवरची बॅटरी सारखी उतरत होती त्याची गोष्ट

मे महिन्यातला तिसरा शनिवार. मागच्या अंगणातलं निम्मं गवत कापून झालं होतं आणि अचानक आवाज बदलला. इंजिन चालूच होतं, मोवर पुढेही जात होता, पण खालची पाती थांबली. मागे वळून बघितलं तर शेवटच्या दहाबारा फुटांत गवत नुसतं आडवं झालेलं, कापलं गेलंच नव्हतं. पात्यांचं पिवळं बटण खाली दाबून परत वर ओढलं, तेव्हा क्लचचा जो खट्ट आवाज येतो तो आलाच नाही. मग मी इंजिन बंद केलं, तिथेच चूक झाली, कारण परत किल्ली फिरवली तर सीटखालून नुसतं टक् टक् टक् टक्. आणि बॅटरी तीन आठवड्यांपूर्वी आणलेली, कोरी करकरीत.

आम्ही ओहायोमध्ये राहतो, कोलंबसच्या जरा बाहेर. घराची जागा सव्वा एकर, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबात पन्नास गुंठे, त्यातलं घर आणि ड्राइव्हवे सोडला तर बाकी सगळं गवत. इकडे मे महिन्यात पाऊस आणि ऊन एकाआड एक असतं, गवत आठवड्यात हाताच्या बोटाएवढं वाढतं आणि आमच्या गावात आठ इंचांच्या वर गेलं की दाराला नोटीस लागते. ढकलायच्या मोवरने एवढं कापायचं म्हणजे अख्खा शनिवार-रविवार जातो. नवरा आठवड्यातले चार दिवस कामासाठी बाहेरगावी असतो, त्यामुळे हा बसून चालवायचा मोवर पहिल्यापासून माझ्याकडेच आहे, त्याचं तेल, पात्यांची धार, एअर फिल्टर सगळं मीच बघते आणि मला ते मनापासून आवडतं. पण इलेक्ट्रिकलच्या बाबतीत माझी मजल टर्मिनल पुसण्यापर्यंतच होती. हे सविस्तर लिहितेय कारण तिकडे आणि इकडेही कितीतरी जणांची बॅटरी अशीच उतरत असणार, आणि सगळे माझ्यासारखं आधी पार्ट विकत आणत असणार.

सुरुवात एप्रिलमध्ये झाली. हिवाळाभर मोवर गॅरेजमध्ये, गॅरेजला हीटर नाही. बाहेर काढला तर किल्ली फिरवून काहीच नाही, बॅटरीवर मीटर लावला तर ११.४ व्होल्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, १२ व्होल्टची लेड अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना, काहीही चालू नसताना, १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली गेली की संपलीच म्हणायचं. म्हणजे ०.४ व्होल्टमध्ये निम्मी बॅटरी जाते, त्यामुळे "बारा तर दाखवतेय की" ह्याला काही अर्थ नसतो. चार्जरला २ अ‍ॅम्पिअरवर रात्रभर लावली, सकाळी १२.७ दाखवलं, मी खूश. पण किल्ली फिरवताना मीटर तसाच लावून ठेवला तर आकडा धाडकन ७ वर आला. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जायला नको. सहा वर्षं जुनी बॅटरी, आतल्या प्लेट्सवर सल्फेट धरलेलं, वरवर भरल्यासारखी दिसते पण ताकद नाही. ऑटो पार्ट्सच्या दुकानात फुकट तपासून देतात तिथे नेली, त्यांच्या मशीननेही बाद म्हणून सांगितलं. ५५ डॉलरला नवीन आणली, जुनी दिल्यावर डिपॉझिट परत मिळालं. इथपर्यंत सगळं बरोबरच होतं. फक्त एक प्रश्न मी स्वतःला विचारला नाही, की ही बॅटरी वयाने गेली की हिला कोणी उपाशी ठेवलं. मागच्या ऑक्टोबरमध्ये दोनदा चार्जर लावावा लागला होता हे मला आठवत होतं, तरी मी ते थंडीच्या नावावर घातलं.

नव्या बॅटरीवर पहिल्या शनिवारी मस्त चालला. दुसऱ्या शनिवारी स्टार्टर जरा आळसावून फिरल्यासारखा वाटला, पण चालला. तिसऱ्या शनिवारी वर लिहिलं तसं झालं.

त्या दिवशी मोवर तिथेच गवतात सोडून मॅन्युअल घेऊन पायरीवर बसले. पहिला प्रश्न होता, बॅटरी संपली तर इंजिन कसं काय चालू राहिलं? ह्याचं उत्तर कळलं आणि अर्धं चित्र स्पष्ट झालं. ह्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. वरचं जड फ्लायव्हील फिरतं, त्याच्या कडेला लोहचुंबक बसवलेला असतो, तो प्रत्येक फेरीला इग्निशन कॉइलसमोरून जातो आणि त्यातूनच ठिणगी तयार होते. बॅटरी लागते ती सुरू करायला, आणि पात्यांचा इलेक्ट्रिक क्लच धरून ठेवायला. तो क्लच म्हणजे मोठा इलेक्ट्रोमॅग्नेट, मी नंतर त्याचा रेझिस्टन्स मोजला तर ३ ओहम आला, म्हणजे पाती चालू आहेत तोपर्यंत तो एकटाच ४ अ‍ॅम्पिअर खात बसतो. मला सगळं कापायला सव्वा तास लागतो. म्हणजे दर शनिवारी ५ अ‍ॅम्पिअर-अवर गेले, वर स्टार्टचे वेगळे. ह्या मोवरची बॅटरी लहान असते, मोटारीच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी. वरून काहीच भरलं जात नसेल तर दोन शनिवार निघतात आणि तिसऱ्याला दम सुटतो, हिशोब अगदी तंतोतंत बसला. म्हणजे बॅटरी चांगली होती, तिला चार्जिंगच मिळत नव्हतं.

आता चार्जिंग कुठून येतं, तर मोटारीत असतो तसा वेगळा अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा इथे नसतो. त्याच फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला गोल चुंबक चिकटवलेले असतात आणि त्यांच्या मधोमध स्टेटर, म्हणजे तांब्याच्या तारांची गुंडाळी असलेलं चक्र, ते फिरत नाही. भोवती चुंबक फिरले की त्यात एसी करंट तयार होतो. तो दोन वायरींमधून रेग्युलेटरकडे येतो, रेग्युलेटर म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, पंख्या-पंख्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. तो एसीचं डीसी करतो, व्होल्टेज १४ च्या आसपास आवरून धरतो आणि मधल्या पिनेवरून एका तांबड्या वायरीने बॅटरीला पाठवतो. स्टेटर, रेग्युलेटर, तांबडी वायर, फ्यूज, बॅटरी. एवढीच साखळी आहे. ह्यातली एक कडी तुटली की खेळ खलास.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या गाडीवरून जंपर केबलने सुरू केला, गाडीचं इंजिन बंद ठेवून. मोवर फुल थ्रॉटलवर ठेवला, पार्किंग ब्रेक लावलेला, पाती बंद, आणि बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला. १२.३. पाच मिनिटं उभी राहिले, १२.३ च. चांगल्या सिस्टीममध्ये इथे १३.८ ते १४.७ दिसायला हवं. थ्रॉटल पूर्ण वर हवा हे लक्षात ठेवा, हळू चालणाऱ्या इंजिनावर मोजून काही कळत नाही. आणि एक कळकळीने सांगते, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "चार्जिंग होतंय का" बघायची जुनी पद्धत इथे कृपा करून करू नका, रेग्युलेटर जळू शकतो.

मग फ्यूज बघितला, काढून ओहमवर मोजला, चांगला. रेग्युलेटरचा प्लग काढला आणि स्टेटरकडून येणाऱ्या दोन वायरींमध्ये मीटर एसीवर ठेवून मोजलं, फुल थ्रॉटलला ३४ व्होल्ट. आमच्या मॅन्युअलमध्ये किमान २८ दिलंय, म्हणजे स्टेटर झकास, आणि खरं सांगते त्या क्षणी मला फार बरं वाटलं कारण स्टेटर बदलायचा म्हणजे फ्लायव्हील काढायचं, ते काम मला एकटीला झेपलं नसतं. इंजिन बंद करून त्या दोन्ही वायरींपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे करंटला वाट आहे का ते, बघितली, अजिबात नाही, म्हणजे कुठे शॉर्टही नाही. रेग्युलेटरची बॉडीच त्याची अर्थिंग असते, तो ज्या दोन बोल्टवर बसलाय तिथे रंग आणि गंज असेल तर तो काम करत नाही, म्हणून तो उतरवून खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली आणि परत बसवला. फरक नाही. शेवटी प्लगमधल्या तांबड्या वायरीला मीटर लावला, इंजिन बंद, तिथे बॅटरीचं व्होल्टेज यायला हवं. आलं की, १२.३. म्हणजे वायर चांगली.

ह्या शेवटच्या वाक्यात सगळी गडबड आहे, पण तेव्हा मला ते दिसलं नाही. मॅन्युअलमधला तक्ता सांगत होता, स्टेटरचा एसी बरोबर आणि बॅटरीला चार्ज नाही तर रेग्युलेटर बदला. ४० डॉलरचा रेग्युलेटर मागवला, चार दिवसांनी आला, बसवला, इंजिन सुरू केलं, मीटर लावला. १२.३.

मला रडूच यायचं बाकी होतं. तोपर्यंत गवत पोटरीला लागायला लागलेलं.

त्याच आठवड्यात मेमोरियल डेच्या, म्हणजे इकडच्या मे अखेरच्या सोमवारच्या, सुट्टीला जोडून आईआण्णा पाच महिन्यांसाठी आले. आमचं गाव तासगाव तालुक्यात, आण्णांची सगळी नोकरी वीज मंडळात वायरमन म्हणून गेली आणि नोकरी सांभाळून घरची दोन एकर द्राक्षबाग. जेटलॅगमुळे पहाटे साडेतीनला उठून बसायचे. तिसऱ्या दिवशी मी उठून खाली आले तर आण्णा मफलर गुंडाळून गॅरेजमध्ये मोवरच्या शेजारी स्टुलावर बसलेले, सीट वर उचललेली.

"काय झालंय गं हिला?"

मी सगळं सांगितलं, आकडे कागदावर लिहून ठेवले होते ते दाखवले. त्यांनी चष्मा लावून वाचले, मान हलवली, १२.३ वर बोट ठेवून म्हणाले, "ही तांबडी वायर चांगली आहे हे कशावरून?"

"आण्णा, बारा पॉइंट तीन आलंय की तिथे."

"मीटर लावल्यावर आलंय. तुझा मीटर काय ओढतोय तिच्यातून? काहीच नाही. एक तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवणार. तिच्यावर वजन टाकून बघितलंस का?"

वजन म्हणजे लोड. मला क्षणभर कळलंच नाही, मग त्यांनी विचारलं घरात गाडीचा जुना बल्ब आहे का. होता, मागच्या वर्षी नवऱ्याच्या गाडीच्या इंडिकेटरचा बदलला तेव्हा एक जास्तीचा आलेला, १२ व्होल्टचा २१ वॅटचा, तो पेटवायला पावणेदोन अ‍ॅम्पिअर लागतात. आण्णांनी त्याला दोन हातभर वायरी जोडल्या, टोकाला क्लिपा लावल्या. पोलवर काम करताना त्यांच्याकडे कायम असा टेस्ट लॅम्प असायचा, होल्डर आणि दोन वायरी. मी लहानपणी तो दप्तराच्या शेजारी खुंटीला लटकलेला बघितलाय, पण तो कशासाठी हे चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. (त्यांच्या बॅगेत निऑनचा टेस्टरही होता, पण तो २३० व्होल्टचा, इथे १२ व्होल्टला तो लागत नाही, हे त्यांनीच सांगितलं.)

आधी बल्ब थेट बॅटरीला लावला, डोळे दिपतील असा पेटला. बॅटरी मी रात्री चार्ज केलेली होती. मग एक क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हवरच ठेवली आणि दुसरी रेग्युलेटरच्या प्लगमधल्या तांबड्या वायरीला, जिथे मला १२.३ मिळाले होते. गॅरेजचा लाइट बंद केला. बल्बमधली तार नुसती लालसर झाली, विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकासारखी. प्रकाश नाहीच.

त्याच वेळी मी मीटरही त्याच जागी लावला आणि जे बघितलं ते मी विसरणार नाही. बल्ब काढला की १२.५. बल्ब जोडला की आकडा सरळ दीडच्या आसपास. परत काढला, १२.५. एकच वायर, एकच जागा, आणि दोन वेगळी उत्तरं. मॅन्युअलच्या तक्त्यात ही पायरी नव्हतीच.

"अर्थिंग पण बघू," आण्णा म्हणाले, आणि एक क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी रेग्युलेटरच्या बॉडीला. लख्ख. म्हणजे माझं घासणं वाया गेलं नव्हतं. मग फ्यूजच्या होल्डरपाशी, तांबड्या वायरीवरच, सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट देणाऱ्या स्विचच्या) बाजूला लख्ख, फ्यूजच्या पलीकडेही लख्ख. म्हणजे दोष फ्यूज होल्डर आणि रेग्युलेटरचा प्लग ह्यांच्या मधल्या साधारण तीन फुटांत. मोवरवर हजार वायरी दिसतात पण पाच वेळा दिवा लावून आम्ही तीन फुटांवर आलो होतो, आणि ह्या सगळ्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बॅटरी काढली. निगेटिव्ह आधी काढायची, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून चेसिसला लागला तर मोठी ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. लावताना उलटं, पॉझिटिव्ह आधी. बॅटरीखालचा ट्रे उचलला तर त्याच्या कडेने पांढरट-निळसर भुकटी जमलेली, आणि तिथूनच वायरींचा गठ्ठा काळ्या प्लॅस्टिकच्या नळीत घालून एका क्लिपने चेसिसला बांधलेला. जुन्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला दरवर्षी अशी भुकटी यायची, मी दरवर्षी पुसायचे, पण ती खाली कुठे जाते हे बघितलं नव्हतं. आण्णांनी बोटाच्या टोकाने थोडीशी कागदावर घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "हे तर मोरचूद."

मी म्हटलं मोरचुदासारखं दिसतंय, तर म्हणाले सारखं नाही गं, तेच आहे. तांबं आणि गंधकाचं अ‍ॅसिड एकत्र आलं की दुसरं काय होणार. आमच्या बागेत पावसाळ्यात डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारायचे, पत्र्याच्या डब्याला मोरचूद चालत नाही म्हणून प्लॅस्टिकच्या पिंपात भिजत घालायचे, तो निळा रंग मला पक्का माहीत आहे. आणि तो इथे, ओहायोत, मोवरच्या पोटात, माझ्या वायरीच्या तांब्यातून तयार झाला होता. बॅटरीच्या टोकाशी अ‍ॅसिड झिरपत होतं, ते वर्षानुवर्षं ट्रेवरून ह्या क्लिपपाशी येऊन थांबत होतं, आणि क्लिपने वायर घट्ट दाबलेली त्यामुळे तिथे ते सुकतही नव्हतं.

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ट्रेवर ओतला, फसफस फसफस करत वर आला, तो थांबेपर्यंत ओतला आणि मग साध्या पाण्याने धुतलं. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे घालून हे करा. मग काळी नळी चिरून वायरी सुट्या केल्या. तांबडी वायर वरून एकदम धड, इन्सुलेशनला कुठे चीर नाही, फक्त क्लिपच्या जागी रंग जरा काळपट. आण्णांनी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढली आणि ती ताणली गेली. तांब्याची वायर कधी ताणली जात नाही. ही त्या दोन इंचांत रबरासारखी लांब झाली आणि सोडल्यावर परत आखडली, कारण आत तांबं उरलंच नव्हतं, नुसतं इन्सुलेशन होतं. ब्लेडने उभी चिरली तर आतून हिरवी पूड सांडली आणि एका कडेला केसाएवढी एकच काळी तार. त्या एका तारेने मला १२.३ दाखवले होते.

आई चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं ती वायर हातात घेऊन नुसते बघत बसलो होतो.

दुरुस्तीला वेळ वायर कापण्यात गेला. अ‍ॅसिड तांब्याच्या तारांमधून आत चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, म्हणून खराब जागेच्या अलीकडे दोन इंच कापलं तर आत काळं, अजून दोन इंच कापलं तरी काळं. काळ्या तारेवर कुठलाच जॉइंट धरत नाही. सोललेलं तांबं नव्यासारखं तांबूस लागेपर्यंत कापत गेले तेव्हा सव्वा फूट वायर गेली. मध्ये १२ गेजची नवीन घातली. इथे आमचा थोडा वाद झाला, आण्णांचं म्हणणं पीळ घालून वर टेप मारू, आयुष्यभर तेच केलंय. मी म्हटलं आण्णा, घरातली वायर जागेवर असते, ही दर शनिवारी सव्वा तास थरथरणार आहे. माझ्याकडे दाबून बसवायचे बट कनेक्टर होते, आतून गोंद असलेल्या नळीचे, गरम केलं की नळी आवळते आणि ओल आत जात नाही. एक बसवून त्यांच्या हातात दिला, त्यांनी जोर लावून ओढून बघितला, सुटला नाही, मग म्हणाले, "बरं आहे हे. जाताना असले शंभर घेऊन जातो." नवीन वायर ट्रेच्या खालून न नेता वरच्या बाजूने, बॅटरीपासून लांब नेली.

जोडल्यावर लगेच इंजिन सुरू करायचा मोह होता. आण्णांनी थांबवलं, आधी दिवा. बॅटरी लावून तांबड्या वायरीला बल्ब लावला, लख्ख. मग किल्ली फिरवली, थ्रॉटल वर, मीटर बॅटरीला. १२.९... १३.४... १३.८... आकडा चढताना बघायला इतकं छान वाटतं हे मला माहीत नव्हतं. दहा मिनिटांनी १४.३ वर स्थिर झाला. पाती चालू केली, खट्ट, १३.९ वर आला आणि तिथेच राहिला. आण्णा गॅरेजच्या दारात उभे राहून "किती? किती?" विचारत होते आणि इंजिनच्या आवाजात मी ओरडून आकडे सांगत होते.

नंतर एक चाचणी मुद्दाम शिकून घेतली, ती मी पहिल्याच दिवशी केली असती तर ४० डॉलर आणि दहा दिवस वाचले असते. इंजिन फुल थ्रॉटलवर चालू ठेवायचं, मीटर डीसीवर, तांबडी पिन रेग्युलेटरच्या मधल्या पिनेवर मागून टेकवायची आणि काळी पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोन्ही टोकं पॉझिटिव्हच, त्यामुळे वाचताना विचित्र वाटतं. पण वायर चांगली असेल तर दोघांत फरक जवळजवळ शून्य यायला हवा, कारण ती एकच वायर आहे. आता माझ्याकडे ०.१ येतो. रेग्युलेटर काम करतोय आणि वायर कुजली आहे असं असेल तर रेग्युलेटर आपल्या टोकाला साडेचौदा काढत असतो आणि बॅटरीला ते पोचत नाहीत, मग तिथे दोन व्होल्टचा फरक दिसतो. आण्णांनी कापलेली जुनी वायर क्लिपांनी परत मध्ये लावून मला ते दाखवलं सुद्धा, १.९ आला, आणि बॅटरीवर परत आपले तेच १२ पॉइंट काहीतरी. जुना रेग्युलेटर बसवून बघितला, नवीन वायरीवर तोही १४.२ देतो. त्याच्यावर "चांगला आहे" लिहून फळीवर ठेवलाय.

उरलेलं गवत त्या दिवशी संध्याकाळी कापलं. एवढं वाढलेलं गवत एकदम खाली कापायचं नाही, पाती सगळ्यात वर ठेवून एकदा फिरवला, दोन दिवसांनी परत खाली घेऊन. आण्णांना चालवायचा होता, मी शिकवलं, ट्रॅक्टर चालवलेला माणूस, पाच मिनिटांत हात बसला, फक्त सीटवरून जरा उचलून मागे बघायची ट्रॅक्टरची सवय, आणि इथे सीटखाली स्विच असतो, पाती चालू असताना माणूस उठला की इंजिन बंद. दोनदा बंद पडला. मग बसूनच मान वळवायला लागले. द्राक्षाच्या ओळीसारख्या सरळ रेघा काढल्या त्यांनी, एक सुद्धा वाकडी नाही.

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले, जाताना दीडशे बट कनेक्टर घेऊन. नोव्हेंबरमध्ये शेवटचं कापून झाल्यावर मी बॅटरी काढून घरात, बेसमेंटमध्ये ठेवली. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७-८ अंशालाच गोठू शकते, आणि आमच्याकडे जानेवारीत त्याच्या बऱ्याच खाली जातं, भरलेली मात्र एवढ्याशा थंडीला दाद देत नाही. महिन्यातून एकदा मीटर लावला, एकदा चार्जर. ह्या एप्रिलमध्ये १२.६ होती, पहिल्या किल्लीला इंजिन सुरू, फुल थ्रॉटलला १४.३.

एक काम राहिलंय. सुरू करताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवली तर स्टार्टर फिरताना ०.६ व्होल्ट दिसतात, म्हणजे जाड काळ्या केबलमध्ये कुठेतरी तेवढे खर्च होतायत. सुरू होतोय, चालतोय, पण त्या केबलचं एक टोक त्याच ट्रेच्या खालून जातं. नवीन केबल येऊन पडली आहे, शनिवारी बदलते.